जवाईबापूंच्या वर्गातला मामाजी

मुर्री, ता. गोंदिया
दि. ३ जानेवारी २००९

श्रीयुत व्याहीबुवा केवलरामजी रहांगडाले, मु. बोरटोला, ता. देवरी यांना,

मुर्रीहून जीवनलाल बिसेनचा दोन्ही हात जोडून रामराम. (बोलताना आपण एकमेकांना समधी म्हणतो, पण कागदावर व्याहीबुवा लिहिलं की माणूस जरा दबून वागतो, आणि मला या पत्रात दबूनच वागायचं आहे.) विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? माझ्या घरवालीनं, कुंतानं, करंजीचं तेल पाठवलं होतं ते लावतात की बाटली देव्हाऱ्यात ठेवली? तुमचा खोकला या थंडीत वाढला असेल. रात्री दही खात जाऊ नका, असं कुंता सांगते. मी सांगत नाही, कारण मीही खातो. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. म्हैस दूध देऊन राहिली आहे, हरभरा फुलावर आहे, उन्हाळी धानाच्या रोपांचं परं टाकलं आहे. माझी तब्येतही उत्तम आहे, फक्त उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली आहेत. त्याचा खुलासा पुढे येईल.

तुमचं पत्र मिळालं. सूनबाई एक महिन्यापासून माहेरी काऊन आहे, आमच्या उमेंद्रचं काही चुकलं काय, गावातले लोक विचारून राहिले आहेत, असं तुम्ही लिहिलं. याचं उत्तर फोनवर देता आलं असतं, पण तुमच्या गावात फोन लागत नाही. तुम्ही टेकडीवर चढून फोन करता, तेव्हा अर्धा वेळ तुमचा दमच ऐकू येतो आणि उरलेल्या अर्ध्यात आपण एकमेकांना 'ऐकू येते का जी' असं विचारतो. म्हणून हे पत्र. व्याहीबुवा, तुमच्या मुलाचं काहीच चुकलं नाही. माझ्या मुलीचंही फारसं नाही. चूक एका माणसाची आहे, आणि तो माणूस अंगणात बाजेवर बसून हे लिहून राहिला आहे. पण चूक नीट समजायची तर थोडं मागे जावं लागेल. तुम्ही चहा मांडायला सांगा, मी सुरू करतो.

तुम्हाला माहीत असेल की मुर्रीत गेली वीस वर्षं कोणाचा पंखा अडला, बल्ब गेला, शेतातली मोटर बंद पडली की मला हाक यायची. मी हे कुठे शिकलो म्हणाल तर कुठेच नाही. एक पेचकस, एक पक्कड आणि न घाबरणारा स्वभाव, एवढीच माझी विद्या. (न घाबरणारा स्वभाव आणि न समजणारा स्वभाव हे दोन वेगळे असतात, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.) माझी रीत सोपी होती. तुटली ती तार जोडायची, जुळत नाही ती पिळायची, चालू झालं की चहा प्यायचा. फ्यूज वारंवार उडते अशी कोणी तक्रार केली की मी तिथली बारीक तार काढून चांगली जाड तार घालून देत असे. मग फ्यूज उडायचं नाव घेत नसे. लोक म्हणत, जीवनलालच्या हाताला गुण आहे. मीही मान हलवत असे. त्या बारीक तारेचं कामच उडण्याचं असते, ती उडते म्हणून माणूस उडत नाही, हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

मागच्या वर्षी उन्हाळी धानाच्या वेळी मी केशोरावची मोटर अशीच दुरुस्त केली. केशोराव म्हणजे माझ्या शेजारचा, शेताला शेत लागून असलेला, शाळेत एकाच टाटपट्टीवर बसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अनवाणी, ओल्या पायानं पंपाजवळ गेला आणि पाइप सरळ करायला त्यानं मोटरीवर हात ठेवला. मी माझ्या बांधावर होतो. मला ओरडणं ऐकू आलं नाही, बैलगाडीवरून धानाचं पोतं खाली टाकावं तसा आवाज आला. मी धावलो, स्टार्टरची कळ काठीनं पाडली, तर केशोराव चार हात दूर चिखलात पालथा. खांदा निखळला होता. आठ दिवस दवाखान्यात राहिला. तो मला एका शब्दानं बोलला नाही, त्याची घरवालीही बोलली नाही, आणि ते तर फारच कठीण गेलं. घरी आल्यावर मी त्याला भेटायला गेलो. त्याच्या हातातला टॉर्च लागत नव्हता. मी सवयीनं हात पुढे केला, पाहू दे म्हणालो. त्यानं टॉर्च गोधडीखाली घेतला.

"राहू दे जीवन," म्हणाला. "अंधारच बरा हाये."

या वयात शिकायला काऊन गेलो याची बाकी सर्वांना मी वेगवेगळी कारणं सांगितली (सरपंचाला सांगितलं की कागद हातात असला की राइस मिलमध्ये काम मिळते, आणि कुंताला सांगितलं की वेळ जात नाही), पण खरं कारण तुम्हाला सांगतो, तो टॉर्च. धानाची रोवणी आटोपल्याबरोबर मी गोंदियाला गेलो आणि स्टेशनच्या पलीकडे जे खाजगी प्रशिक्षण केंद्र आहे तिथल्या सहा महिन्यांच्या इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला नाव टाकलं. खिडकीतले बाबू म्हणाले, फॉर्मवर मुलाची सही लागते, मुलगा कहाँ है? मी म्हणालो, मुलगा नाही, मीच आहे. त्यांनी चष्मा वर करून मला पाहिलं, मग फॉर्म पाहिला, मग पुन्हा मला पाहिलं, आणि शेजारच्या बाबूला म्हणाले, "वयाची अट वाच तो जरा." अट खालच्या बाजूनं होती, वरच्या बाजूनं नव्हती. असा मी घुसलो.

आता तुम्ही म्हणाल, तिथे तर आमचा उमेंद्र शिकवतो. व्याहीबुवा, मला माहीत होतं. मी आधी चौकशी करून घेतली होती. जवाईबापू दोन वर्षांच्या मोठ्या वर्गाला शिकवत होते, सहा महिन्यांच्या वर्गाला दुसरे एक वयस्क गुरुजी होते. म्हणून मी जवाईबापूंना काही बोललो नाही. विचार केला की प्रमाणपत्र घेऊनच त्यांच्यासमोर जाऊ आणि तेव्हाच ते थक्क होतील. दोन दिवस फार चांगले गेले. पहिल्या दिवशी मी निळा शर्ट घालून, खिशाला पेन लावून वर्गात शिरलो तर सतरा-अठरा वर्षांची ती सर्व पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात गुड आफ्टरनून सर म्हणाली. मी त्यांना बसा म्हणालो. (आता ताकाला जाऊन भांडं कायले लपवू, मी थोडा वेळ फळ्याजवळ उभाही राहिलो.) मग खरे गुरुजी आले आणि मी शेवटच्या बाकावर लोकेंद्र नावाच्या पोराजवळ जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी त्या गुरुजींना कावीळ झाली. तो वर्ग ज्यांच्याकडे आला ते दारातून आत आले, आणि त्यांनी मला पाहिलं, आणि मी त्यांना पाहिलं.

आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे, जवाई दिसला की सासऱ्यानं पाया पडायचं. लग्नाला दोन वर्षं झाली, माझं अंग आता आपोआप वाकते. मी बाकावरून उठलो आणि हात पुढे करून निघालो. तुमचा मुलगा संस्कारी, वर्गात विद्यार्थ्यांसमोर सासऱ्याकडून पाया पडून घेणं त्याच्या जिवावर आलं, तो मागे सरला. मी पुढे, तो मागे. मी आणखी पुढे. शेवटी फळा आला. चाळीस डोळे पाहून राहिले होते की एक निळ्या शर्टातले काका सरांच्या मागे लागले आहेत आणि सर पाय लपवून राहिले आहेत. "मामाजी," जवाईबापू अगदी हळू म्हणाले, "इथे नको जी." हळू म्हणाले, पण पोरांचे कान या वयात तेज असतात. त्या दिवसापासून मी सर्व वर्गाचा मामाजी झालो. आठ दिवसांत शिपाई, चहावाला आणि प्राचार्यही मला मामाजी म्हणू लागले.

हजेरीचं फार अवघड झालं. जवाईबापू अठरा नंबरपर्यंत खणखणीत नावं घेत. एकोणीस नंबर आला की घसा साफ करत, आणि नुसतं "आलेत" म्हणून वीसवर जात. प्रश्न विचारताना बाकीच्यांना म्हणत, उठ, सांग, करंट म्हणजे काय? माझ्याकडे आले की म्हणत, आपल्याला सांगावंसं वाटते काय? मला वाटत नसे, म्हणून मी नाही म्हणत असे, आणि ते बरं म्हणून पुढे जात. यात माझं शिक्षण कसं झालं असेल ते तुम्ही समजा. मी घरी येऊन कुंताला सांगत असे की जवाईबापू फार छान शिकवतात. छान शिकवत होते यात शंकाच नाही. मी फक्त त्यांचा आवाज ऐकत होतो, आणि आपल्या मुलीनं चांगलं स्थळ मिळवलं या आनंदात बसून राहत होतो.

प्रात्यक्षिकात तर मी कमालच केली. एक जिन्याची वायरिंग असते, म्हणजे खालच्या कळीनं लावलेला बल्ब वरच्या कळीनं बंद करता येतो. लाकडी पाटीवर ती जोडायची होती. मी माझ्या जुन्या रीतीनं, जुळत नव्हतं ते पिळून, पाच मिनिटांत जोडून दिली. बाकीची पोरं अजून चित्रच काढत होती. मी कळ दाबली. बल्ब तर लागला नाही, पण एक निळा जाळ निघाला, माझी दोन बोटं काळी झाली (हाच तो खुलासा), आणि पूर्ण इमारतीतली वीज गेली. प्राचार्य परीक्षेची यादी संगणकावर टाइप करून राहिले होते, ती सकाळपासूनची यादी गेली. ते वऱ्हांड्यात येऊन विचारू लागले, "किसने किया?" सर्व पोरं फळ्याकडे पाहू लागली. जवाईबापूंचा चेहरा लाल झाला. समजा मी दुसरा कोणी असतो तर त्यांनी मला बकोट धरून बाहेर काढलं असतं, आणि तेच बरोबर झालं असतं. ते माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, बंद केलं, आणि माझ्या बाजूला उभ्या असलेल्या लोकेंद्रवर ओरडले. डोळे फुटले काय? फेज न् न्यूट्रल एका कळीवर आणतात काय? घर जाळशील एखाद्याचं!

लेकी बोले सुने लागे असं आपण म्हणतो, इथे लोकेंद्राला बोलले आणि मला लागले. त्या दिवसापासून तीच पद्धत पडली. माझं काही चुकलं की लोकेंद्राला बोलणी. पंधरा दिवस त्या पोरानं सहन केलं. मग एक दिवस सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मामाजी, थोडं ध्यान देत जा न् जी. तार तुमी उलटी लावता, न् कान माहे लाल होऊन राह्यले." मी त्याला समोसा खाऊ घातला. (त्याचा उपयोग झाला नाही, कारण तार मी दुसऱ्या दिवशीही उलटीच लावली.) मला फक्त भारनियमनाचा आधार होता. ज्या दुपारी वीज नसे त्या दुपारी माझं प्रत्येक सर्किट बरोबर असे.

आणि रविवारी हेच जवाईबापू आमच्या रविताला घेऊन मुर्रीला जेवायला येत, तेव्हा सर्व उलटं. त्यांना पाटावर बसवायचं, मी वाढायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं. त्यांना गृहपाठाबद्दल बोलायचं असे, ते मला दिसत असे. पण बोलतील कसे? ते कुंताकडे पाहून म्हणत, "मामीजी, काही काही लोक अर्थिंगचं चित्र काढायचं विसरतात." कुंता म्हणे, "लोकच असे असतात, तुम्ही भात घ्या."

नोव्हेंबरच्या शेवटी सहामाहीसारखी एक परीक्षा झाली. अर्धी लेखी, अर्धी हातानं करायची. हाताच्या कामात मी बेल जोडली ती पंखा लावला की वाजत होती. लेखीत पहिलाच प्रश्न होता, अर्थिंग कशासाठी करतात ते सविस्तर लिहा. व्याहीबुवा, तो प्रश्न वाचला आणि मला पुढचं काही सुचलंच नाही. बाकीची पोरं पान भरून लिहीत होती. मी एकच ओळ लिहिली. केशोराव पडू नये म्हणून.

पेपर परत मिळाले. लोकेंद्राच्या पेपरावर लाल शाईनं लिहिलं होतं, गाढवा, पुन्हा कर. माझ्या पेपरावर त्याच लाल शाईनं लिहिलं होतं, कृपया पुन्हा करून पाहावे ही नम्र विनंती. अर्थिंगच्या उत्तरासमोर पाचपैकी एक गुण, आणि बाजूला, 'उत्तर खरे आहे, परंतु पूर्ण नाही.' एकूण शंभरापैकी एकतीस. पास व्हायला चाळीस लागत होते. चाळीस करून टाकणं त्यांच्या हातात होतं, कोणी विचारलंही नसतं, पोरांनी तर धरूनच ठेवलं होतं की मामाजी पास. पण त्यांनी नाही केले. वर्गात माझं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण घेतलं. जीवनलाल बिसेन, अनुत्तीर्ण. मग खाली पाहत राहिले.

मी तुम्हाला सांगतो की मला राग आला नाही. खोटं आहे, आला. सायकलवरून येताना मुर्रीच्या वळणापर्यंत राग होता. वळणावर केशोराव दिसला, खांद्यावर पंचा टाकून एका हातानं सायकल ढकलत होता, त्याचा दुसरा हात अजून पूर्ण वर जात नाही. तेव्हा राग उतरला आणि त्या जागी लाज आली. त्या रात्री मी जेवलो नाही. कुंतानं विचारलं तर पोटाचं कारण सांगितलं. पण तिनं शर्टाच्या खिशातून पेपर काढला, सकाळी दूधवाल्याबरोबर रविताच्या गोंदियाच्या खोलीवर निरोप धाडला, आणि दहा वाजता रविता सायकलला बॅग अडकवून अंगणात हजर.

"माझ्या बापाला नापास करतो तो माणूस?" अशी तिनं सायकलवरूनच सुरुवात केली. "मी नाही राहत तिथे."

कुंता रडायला लागली. मी बाप म्हणून तिला त्याच पायी परत पाठवायला पाहिजे होतं. गोंदिया काही दूर नाही, अर्ध्या तासाचा रस्ता. हीच माझी चूक, व्याहीबुवा, याच चुकीसाठी मी दोन पानं भरली. मी तोंडानं म्हणालो, पोरी असं करू नये, नवऱ्याचं बरोबर आहे. पण मनातून मला इतकं बरं वाटलं, की या जगात एक तरी माणूस आहे ज्याला एकतीस गुण कमी वाटतात! मी तिची बॅग उचलून आत ठेवली.

मला वाटलं होतं ती दोन दिवस माझी समजूत काढेल. तिनं संध्याकाळी माझी औजारं काढून घेतली आणि माळ्यावर टाकली. मग माझ्यासमोर पाटी ठेवली. ती बी.एस्सी. झालेली आहे, फिजिक्स तिचा विषय होता, हे लग्नाच्या बोलणीत मीच तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं. पण त्याचा मलाच त्रास होईल हे माहीत नव्हतं. तिनं विचारलं, फेजची तार कोणती? मी म्हणालो, लाल. लाल काऊन? कारण ती लाल आहे. त्यावर तिनं लाटणं बाजेवर असं आपटलं की म्हैस उठून उभी राहिली. "बाबा, रंग तर कोणीही मूर्ख चुकीचा लावू शकते. टेस्टर लावून पाहिल्याशिवाय तुम्ही कोणत्याच तारेवर विश्वास ठेवायचा नाही!" वीस वर्षांत मला इतकं कोणी बोललं नव्हतं. मी बापाला घाबरलो नाही तेवढा तिला घाबरलो. नऊ दिवस एकही तार हातात दिली नाही, नुसती चित्रं. चित्र चुकलं की चहा बंद. कुंताला वाटलं होतं की माझा चहा यमराजही सोडवणार नाही. पहिल्या आठवड्यात मला तीन कप मिळाले.

दहाव्या दिवशी तिनं औजारं परत दिली. आमच्या माळ्याच्या शिडीला मी तीच जिन्याची वायरिंग केली. एक तास लागला. बल्ब खालून लावला, वरून बंद केला. वरून लावला, खालून बंद केला. कुंता म्हणाली, माळ्यावर आहे काय पाहायला, दोन पोती कोंडा. पण ती स्वतःच चार वेळा वर-खाली जाऊन आली.

आणि आता मागच्या आठवड्याची गोष्ट. परं टाकण्यासाठी केशोरावला मोटर लावायची होती. गोंदियाचा मिस्त्री दोनदा येतो म्हणून आला नव्हता. मी त्याच्या अंगणात गेलो, हात मागे बांधून उभा राहिलो आणि म्हणालो, मोटरीला हात लावत नाही, नुसतं अर्थिंग करून देतो, रविता बाजूला उभी राहील. त्यानं माझे मागे बांधलेले हात पाहिले. मग म्हणाला, रविता राहील तर चालेल. (माझ्या इज्जतीचा भाव तुमच्या लक्षात आला असेल.) वीज बंद करून, फ्यूज काढून ती रवितानं आपल्या पदराला बांधली. मी छातीएवढा खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी टाकलं, जाड तार मोटरीच्या अंगापर्यंत आणली आणि फ्यूजमध्ये, व्याहीबुवा, बारीक तार घातली. रवितानं मीटरनं तपासलं, पुन्हा तपासलं, आणि स्टार्टर दाबला. मोटर चालू झाली. पाणी आलं. केशोराव बांधावरच उभा.

"आधी तू लाव हात," तो म्हणाला.

मी पाय ओले केले आणि मोटरीवर तळहात ठेवला. मोटर थंड होती आणि थरथरत होती. मग केशोराव खाली उतरला. त्यानं आधी बोटाची मागची बाजू टेकवली. मग पूर्ण हात. तोच हात, जो वर जात नाही. आणि काहीच झालं नाही. आम्ही दोघं म्हातारे त्या मोटरीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलो, आणि पाणी पऱ्यातून निघून हरभऱ्यात शिरलं तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी रविताच ओरडली.

तर अशी सर्व हकीकत आहे. भांडण माझ्या एकतीस गुणांचं आहे, दुसरं काही नाही. पोरीला माहेरी ठेवून घेणं शोभत नाही, ते मला कळते. तुम्ही पुढच्या रविवारी, अकरा तारखेला या, विहीणबाईंनाही आणा, आपण चौघं बसून दोघांचं मन वळवू, आणि साडीचोळी करून मी सूनबाईला तुमच्या हवाली करतो. गावातल्या लोकांना सांगा, की व्याही जरा मंद आहे, बाकी घर चांगलं आहे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुमच्या रागाला माझी मान हाजर.

आपला आज्ञाधारक आणि अनुत्तीर्ण,
जीवनलाल बिसेन

ता. क. १: वरची रविवारची गोष्ट लिहिताना कुंता मागे उभी होती. ती आता म्हशीकडे गेली आहे. व्याहीबुवा, मी पाया पडतो, अकरा तारखेला येऊ नका. माझी शेवटची परीक्षा गुरुवारी, बावीस तारखेला आहे. मोटरीचं कनेक्शन अजून माझ्या हातून उलटं फिरते आणि मीटर वाचताना एक शून्य जास्त येते. पोरगी आता गेली तर मी गेलो. विहीणबाईंचा गुडघा बावीसपर्यंत दुखतो असं कळवलं तर कोणाला वाईट वाटणार नाही.

ता. क. २: जवाईबापूंकडे मला वर्गात पाहवत नाही. शर्टाला इस्त्री नसते. एकट्यानं काय शिजवून खात असतील देव जाणे. तुम्ही त्यांना पत्र लिहाल तेव्हा एक ओळ लिहा, की एकतीस गुण बरोबर होते, असं तुझे सासरे म्हणतात. माझ्या तोंडून निघत नाही.

ता. क. ३: बाबूजी, तुमच्या सुनेचा, रविताचा सा. नमस्कार. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याजवळ दिलं आहे, लिफाफा मी अजून चिकटवला नाही. बाबूजी, आमचं भांडण झालेलंच नाही. पेपर परत द्यायच्या आदल्या रात्री ते तपासून हे दोन वाजेपर्यंत बसले होते. म्हणाले, चाळीस दिले तर मामाजी उद्या पुन्हा कोणाची तरी मोटर दुरुस्त करतील. आणि म्हणाले, मला त्यांना रागावता येत नाही, तोंडच उघडत नाही, तू लेक आहेस, तुला जमेल, तू रागावून माहेरी जा. बॅग यांनीच भरून दिली. रोजचा अभ्यास काय घ्यायचा त्याची वहीही यांचीच आहे. दर सोमवारी मी नागऱ्याच्या महादेवाला जाते म्हणून निघते आणि आमच्या खोलीवर जाऊन आठवड्याच्या पोळ्या करून आणि बाबांची प्रगती सांगून येते. इस्त्री नसलेला शर्ट मुद्दाम घालतात, त्यांना नाटक जमत नाही म्हणून तेवढंच करतात. शेवटच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार आहेत, आणि नात्यामुळे यांनी त्या दिवशीची ड्यूटीही सोडून दिली आहे. म्हणजे जे मिळतील ते बाबांचे स्वतःचे.

हे तुम्हाला सांगितलं नसतं, पण तुमच्या जिवाला घोर नको. फक्त बाबांना कळू देऊ नका. आपली लेक आपल्यासाठी नवऱ्याशी भांडून आली, या एका गोष्टीवर ते पहाटे पाचला उठून सर्किट काढत बसतात. आमचं भांडण बावीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता मिटेल, तसं यांच्याशी ठरलं आहे. तोवर कृपा करून तुम्हीही रागावलेले राहा.